भूमि-अभिलेख माहितीसंचय

जमिनीचे क्षेत्र, आकारणी, धारक, तिच्यावरील इतरांचे हक्क व बोजे आणि प्रतिवर्षी घेतलेली पिके यांविषयीच्या नोंदींचा संग्रह. या नोंदी परस्परांशी निगडित असतात आणि त्या हव्या तेव्हा काढता, नियमानुसार बदलता व पडताळता याव्यात अशी संग्रहाची मांडणी असते. तो सांभाळणाऱ्या संगणकीय आज्ञावलीस माहितीसंचय प्रणाली म्हणतात. व्यवहारात दोहोंसाठी डेटाबेस हा शब्द रूढ आहे. नोंदींची व वापरणाऱ्यांची संख्या वाढत असताना कोणती प्रणाली विश्वासार्ह ठरेल, हा प्रश्न बँका, रेल्वे आरक्षण, रुग्णालये अशा सर्वच ठिकाणी उद्भवतो; तथापि भूमि-अभिलेखांच्या बाबतीत त्याचे महत्त्व विशेष आहे. बँकेच्या खात्यातील चूक रक्कम भरून दुरुस्त करता येते. जमिनीच्या नोंदीतील चुकीमुळे मात्र कुटुंबाची उपजीविका एका पिढीहून अधिक काळ वादात अडकू शकते. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड या, भीमा नदीच्या दोन तीरांवर वसलेल्या तालुक्यांच्या संदर्भात हा विषय चांगला स्पष्ट होतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मराठेशाहीत जमाबंदीचे कागद गावच्या कुलकर्ण्याकडे व परगण्याच्या देशपांड्याकडे असत. इंग्रजी अंमल सुरू झाल्यावर आर. के. प्रिंगल यांनी १८२७ नंतर पुणे जिल्ह्यात जमिनीची पाहणी करून आकारणी ठरविली. तिच्यामागील सिद्धांत काटेकोर होता. परंतु मोजणीतील चुका व हाताखालच्या नोकरांचे गैरव्यवहार यांमुळे मूळ आकडेच दूषित झाले आणि ती योजना फसली. १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून नवी पाहणी सुरू केली. प्रत्येक शेताला भूमापन क्रमांक देणे, त्याची हद्द निश्चित करणे आणि ३० वर्षांसाठी आकार ठरविणे ही तिची वैशिष्ट्ये होत. नोंदीची पद्धत कितीही चांगली असली, तरी तीत भरलेली माहिती खरी नसेल तर ती निरुपयोगी ठरते, हा प्रिंगल यांच्या अपयशातील धडा आजही लागू पडतो.

या पाहणीत सरकारला सारा देणारा खातेदार कोण, एवढीच नोंद मुख्यतः होत असे. जमिनीवरील गहाण, वाटणी, कुळवहिवाट इत्यादींची नोंद होत नसे. कर्जाचे दस्तऐवज सावकाराच्या घरी असत आणि निरक्षर शेतकऱ्याजवळ त्यांची प्रत क्वचितच असे. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे या गावी सावकाराविरुद्ध बहिष्काराची चळवळ उभी राहिली. १२ मे १८७५ रोजी तत्कालीन भीमथडी तालुक्यातील (आता बारामती तालुक्यातील) सुपे येथे दंगा उसळला व तो आसपासच्या तालुक्यांत पसरला. सध्याच्या दौंड तालुक्याचा बराचसा भाग तेव्हा भीमथडीत मोडत असे. दंगेखोरांचा रोख प्रामुख्याने कर्जरोखे व हुकूमनामे हस्तगत करून जाळण्याकडे होता. हक्काचा एकमेव पुरावा एकाच पक्षाच्या ताब्यात व एकाच ठिकाणी असला, म्हणजे दुसऱ्या पक्षाचा त्यावर विश्वास राहत नाही आणि तो एका आगीत नष्टही होऊ शकतो, हे त्यातून दिसून आले. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियमाने शेतकऱ्यांच्या दस्तऐवजांची ग्राम-निबंधकापुढे नोंदणी, भरण्याची लेखी पावती व हिशेबाचा उतारा यांची तरतूद केली. पुढे १९०३ च्या मुंबई अधिनियमाने अधिकार अभिलेख ठेवण्याची पद्धत सुरू झाली व १९१३ मध्ये या तरतुदी जमीन महसूल संहितेत समाविष्ट करण्यात आल्या. महाराष्ट्रात आता महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ व तीखालील १९७१ चे अधिकार अभिलेखविषयक नियम लागू आहेत. [⟶ जमीन महसूल].

अभिलेखाची रचना : गाव नमुना सातमध्ये गटाचे क्षेत्र, भोगवटादार, आकार, कुळाचे नाव व इतर हक्क आणि गाव नमुना बारामध्ये पिकांची नोंद असते, दोहोंच्या एकत्रित उताऱ्यास सातबारा म्हणतात. एका खातेदाराच्या गावातील सर्व जमिनी नमुना आठ-अ मध्ये एकत्र पाहावयास मिळतात. हक्कात होणारा प्रत्येक बदल प्रथम नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमांक देऊन लिहिला जातो. संबंधितांना सूचना देण्यात येते व हरकतींसाठी मुदत ठेवली जाते. हरकत आल्यास प्रकरण नमुना सहा-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच तिचा अंमल सातबाऱ्यावर होतो आणि तेथे फेरफाराचा क्रमांक लिहिला जातो. जुने नाव खोडून टाकण्याऐवजी ते कंसात दाखविण्याची प्रथा आहे.

ही रचना व्यापाऱ्यांच्या कीर्द-खतावणीशी जुळणारी आहे. फेरफार नोंदवही ही कीर्द होय. तीत घटना ज्या क्रमाने घडल्या त्या क्रमाने लिहिल्या जातात व लिहिलेले पान फाडले जात नाही. सातबारा ही खतावणी होय. तीत आजची स्थिती दिसते. खतावणी हरवली तरी कीर्दीवरून ती पुन्हा तयार करता येते. परंतु खतावणीवरून कीर्द तयार करता येत नाही. विश्वासार्ह माहितीसंचय प्रणाली आतून याच तत्त्वावर चालतात. संग्रहातील मूळ पान बदलण्यापूर्वी करावयाच्या बदलाची नोंद एका सलग पूर्वनोंदवहीत लिहून ती डिस्कवर पक्की केली जाते. मध्येच वीज गेल्यास यंत्र पुन्हा सुरू होताना त्या वहीवरून अपुरे काम पुरे किंवा रद्द केले जाते. एखादी प्रणाली अशी वही ठेवते की नाही आणि काम पूर्ण झाल्याचे कळविण्यापूर्वी ती डिस्कवर पक्की करते की नाही, ही निवडीच्या वेळी विचारावयाची पहिली गोष्ट होय. काही प्रणालींत वेग वाढविण्यासाठी ही दक्षता सैल करण्याची सोय असते. हक्काच्या नोंदींसाठी तिचा अवलंब करणे योग्य नाही.

माहितीसंचय प्रणालींचा विकास : १९६० नंतरच्या दशकात चार्ल्स बाकमन यांची जाळीरूप प्रणाली आणि अपोलो चांद्र मोहिमेतील सुट्या भागांच्या नोंदींसाठी आयबीएम कंपनीने तयार केलेली श्रेणीबद्ध प्रणाली या प्रमुख होत्या. त्यांत नोंदीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग आधीच आखलेला असे; वेगळ्या दिशेने प्रश्न विचारावयाचा झाल्यास आज्ञावली नव्याने लिहावी लागे. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी सर्व माहिती कोष्टकांच्या रूपात मांडून कोष्टकांमधील संबंध समान मूल्यांवरून ओळखण्याची संकल्पना मांडली. तिच्या आधारे आयबीएमच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत ‘सिस्टिम आर’ व बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘इन्ग्रेस’ या प्रायोगिक प्रणाली तयार झाल्या. पहिलीतून एसक्यूएल ही पृच्छाभाषा निघाली व १९८६ मध्ये तिला अमेरिकेत प्रमाण स्वरूप मिळाले. बर्कली येथेच मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘पोस्टग्रेस’ प्रकल्पातून पोस्टग्रेस-एसक्यूएल ही सर्वांना मुक्तपणे वापरता येणारी प्रणाली विकसित झाली. ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल या कोष्टकाधारित गटातील इतर सुपरिचित प्रणाली होत. २००० नंतर महाजालावरील प्रचंड वापर पेलण्यासाठी कोष्टकांचे बंधन सोडून दस्तऐवज किंवा किल्ली-मूल्य या स्वरूपात माहिती ठेवणाऱ्या प्रणाली पुढे आल्या. त्यांपैकी अनेकींनी वेग व विस्तारक्षमता यांच्या मोबदल्यात अचूकतेची काही आश्वासने प्रारंभी सोडून दिली होती.

विश्वासार्हतेचे निकष : जिम ग्रे यांनी विकसित केलेल्या नोंदव्यवहाराच्या संकल्पनेस टेओ हेर्डर व आंद्रेआस रॉयटर यांनी १९८३ मध्ये चार गुणधर्मांच्या स्वरूपात मांडले. हे गुणधर्म भूमि-अभिलेखांच्या भाषेत पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(१) अखंडता : फेरफाराचा अंमल एकतर पूर्ण व्हावा किंवा मुळीच होऊ नये. विक्रेत्याच्या नावावरील क्षेत्र कमी झाले, पण खरेदीदाराच्या नावावर चढले नाही, अशी मधली स्थिती कधीही उरता कामा नये.

(२) सुसंगती : ठरविलेले नियम कोणत्याही नोंदीने मोडू नयेत. सर्व भोगवटादारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राइतकीच असली पाहिजे आणि प्रत्येक बोजा अस्तित्वात असलेल्या गटावरच असला पाहिजे. असे नियम केवळ पडद्यावरील आज्ञावलीत न ठेवता शक्य तेवढे माहितीसंचय प्रणालीतच घालावे लागतात. कारण आज्ञावली बदलतात, अनेक होतात, पण संग्रह एकच राहतो.

(३) अलगता : एकाच वेळी चाललेल्या नोंदींचा परिणाम त्या एकामागून एक केल्यासारखाच व्हावा. उदाहरणार्थ, १ हेक्टर ६० आर क्षेत्राच्या गटातील १ हेक्टर क्षेत्राच्या व ८० आर क्षेत्राच्या विक्रीच्या नोंदी दोन मेजांवर एकाच क्षणी सुरू झाल्या, असे समजू. दोन्ही ठिकाणी शिल्लक क्षेत्र १ हेक्टर ६० आर दिसेल, दोन्ही व्यवहार स्वतंत्रपणे योग्य ठरतील आणि मिळून १ हेक्टर ८० आर, म्हणजे असलेल्या जमिनीपेक्षा २० आर अधिक, विकले जाईल. चांगली प्रणाली त्यांपैकी एका नोंदीस थांबविते किंवा नाकारते. मात्र बहुतेक प्रणालींत अलगतेच्या अनेक पायऱ्या असतात व आपोआप मिळणारी पायरी सर्वांत कडक असतेच असे नाही. म्हणून ती पाहून ठरवावी लागते.

(४) टिकाऊपणा : नोंद पूर्ण झाली असे एकदा कळविल्यावर वीज जाणे, यंत्र बंद पडणे अशा कारणांनी ती नाहीशी होऊ नये.

या चार गुणधर्मांत आणखी एकाची भर घालणे अवश्य आहे, तो म्हणजे उत्तरदायित्व. कोणी, केव्हा, कोणत्या आदेशान्वये बदल केला याची न पुसता येणारी नोंद असली पाहिजे. संहितेच्या कलम १५५ खाली लेखनातील चूक दुरुस्त करता येते. हक्कातील बदल त्या मार्गाने करावयाचा नसतो. हे दोन बदल पडद्यावर सारखेच दिसत असले, तरी संग्रहात त्यांचे मार्ग वेगळे ठेवावे लागतात.

वाढीचे स्वरूप : शिरूर व दौंड तालुक्यांत नोंदींची वाढ अनेक दिशांनी झाली. वारसांच्या वाटण्यांमुळे गटांतील नावे वाढत गेली. मुंबईचा धारण जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध व एकत्रीकरण अधिनियम, १९४७ अन्वये एकत्रीकरण योजना लागू झालेल्या गावांत भूमापन क्रमांकांऐवजी गट क्रमांक आले व जुन्या-नव्या क्रमांकांची सांगड ठेवणे भाग पडले. कालव्यांच्या पाण्यावर ऊस वाढला आणि त्याबरोबर सहकारी सोसायट्यांचे व बँकांचे बोजे इतर हक्कांच्या रकान्यात वाढले. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक क्षेत्रे, तसेच पुणे-अहिल्यानगर व पुणे-सोलापूर हे महामार्ग यांमुळे भूसंपादन, बिनशेती व खरेदी-विक्री यांच्या नोंदींचे प्रमाण वाढले. म्हणजे केवळ संग्रहाचा आकार न वाढता नोंदींचे प्रकार, बदलांचा वेग आणि पाहणाऱ्यांची संख्या ही सर्वच वाढली.

प्रणाली निवडताना या वाढी निरनिराळ्या समजल्या पाहिजेत. केवळ नोंदींची संख्या वाढली, तर योग्य सूची पुरेशी असते. बायर व मॅक्रेट यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बी-वृक्ष या सूचिरचनेत प्रत्येक पानावर १०० नोंदींच्या दिशा असल्या, तर १० लाख नोंदींतील हवी ती नोंद तीन पाने चाळून मिळते आणि १० कोटी नोंदींसाठी चार पाने पुरतात. पाहणाऱ्यांची संख्या वाढली, तर मूळ संग्रहाच्या प्रती इतर यंत्रांवर ठेवून वाचनाचा भार वाटून देता येतो. बदल करणाऱ्यांची संख्या वाढणे ही खरी कठीण अवस्था होय. कारण बदल कोणत्यातरी एकाच ठिकाणी अधिकृतपणे ठरावे लागतात.

प्रणालीची निवड : गट, खातेदार, फेरफार व बोजा यांचे संबंध निश्चित व परस्परावलंबी असल्याने हक्काच्या नोंदींसाठी कोष्टकाधारित प्रणाली नैसर्गिक ठरते. दस्तऐवज-स्वरूपाच्या प्रणालीत एका सातबाऱ्याची सर्व माहिती एकत्र ठेवून उतारा झटकन काढता येतो. परंतु एकाच खातेदाराचे नाव शंभर उताऱ्यांत स्वतंत्रपणे लिहिले गेल्यास ते बदलताना काही ठिकाणी जुनेच राहण्याचा संभव असतो. कोष्टकाधारित पद्धतीत नाव एकदाच लिहून इतरत्र केवळ त्याचा क्रमांक दिला जातो. याउलट शेताची छायाचित्रे, स्कॅन केलेले जुने फेरफार यांसारख्या न बदलणाऱ्या मोठ्या वस्तू वेगळ्या संचिकागारात ठेवणे व संग्रहात त्यांचा निर्देश करणे सोयीचे असते.

प्रारंभापासूनच संग्रह अनेक यंत्रांवर विभागण्याचा मोह टाळणे हिताचे असते. सुव्यवस्थित ठेवलेल्या एका सक्षम यंत्राची कुवत सामान्यतः समजली जाते त्यापेक्षा बरीच अधिक असते आणि विभागणीबरोबर येणारे प्रश्न मात्र ताबडतोब सुरू होतात. भूमि-अभिलेखांची विभागणी गाव किंवा तालुका या पायावर सहज करता येते. कारण प्रत्येक गट एकाच गावात असतो. परंतु खातेदार एकाच गावात असतो असे नाही. भीमेच्या दक्षिण तीरावर दौंड तालुक्यात आणि उत्तर तीरावर शिरूर तालुक्यात जमीन असलेले कुटुंब घेतल्यास, महाराष्ट्र शेतजमीन (जमीन धारणेची कमाल मर्यादा) अधिनियम, १९६१ नुसार त्याच्या सर्व जमिनींची बेरीज करावी लागते. बारमाही ओलिताच्या जमिनीस १८ एकर व कोरडवाहू जमिनीस ५४ एकर अशी कमाल मर्यादा आहे. तालुकावार विभागलेल्या संग्रहात ही बेरीज कोणत्याही एका भागावरून कळत नाही. म्हणून विभागणी करण्यापूर्वी कोणते प्रश्न सीमा ओलांडून विचारले जातील, याची यादी करणे आवश्यक असते.

एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलेल्या व सेथ गिल्बर्ट आणि नॅन्सी लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयानुसार, यंत्रांमधील दळणवळण तुटले असता प्रणालीला सुसंगती किंवा उपलब्धता यांपैकी एक सोडावी लागते. याचे उत्तर नोंदीच्या स्वरूपावरून ठरते. तालुक्याचा मध्यवर्ती यंत्राशी संपर्क तुटला असता हक्काचा फेरफार थांबवून ठेवणे योग्य; शिरूर किंवा दौंडला आलेल्या शेतकऱ्याचा हेलपाटा व्यर्थ जातो, परंतु एकच जमीन दोघांच्या नावे होत नाही. पिकाच्या नोंदीस मात्र हे लागू नाही. ती शेतातच भ्रमणध्वनीवर घेऊन संपर्क आल्यावर पाठविली तरी चालते, कारण एका शेतातील पिकाची नोंद सहसा दोन ठिकाणांहून परस्परविरुद्ध होत नाही आणि झालीच तर ती तपासता येते. एकाच सातबाऱ्याच्या दोन भागांना अशा रीतीने दोन भिन्न नियम लावावे लागतात.

खर्च व परावलंबन यांचाही विचार करावा लागतो. खाजगी प्रणालींचे अनुज्ञाशुल्क बहुधा यंत्राच्या क्षमतेनुसार आकारले जाते, म्हणून वापर वाढेल तसा खर्च वाढतो. मुक्त प्रणालीस असे शुल्क नसते. पण ती सांभाळणारी जाणती माणसे लागतात व तो खर्च गृहीत धरावा लागतो. भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त आज्ञावलींना प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. प्रणाली कोणतीही असो, प्रमाण पृच्छाभाषेचा वापर आणि संपूर्ण संग्रह सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढण्याची सोय असली पाहिजे. जमिनीचा अभिलेख शतकानुशतके टिकावयाचा असतो. कोणतीही आज्ञावली तितकी टिकत नाही.

प्रती व पुनर्स्थापन : जिवंत प्रत व राखीव प्रत यांत फरक आहे. जिवंत प्रत मूळ संग्रहामागोमाग बदलत जाते. त्यामुळे यंत्र बिघडल्यास ती उपयोगी पडते, परंतु चुकून पुसलेली नोंद तिच्यातूनही लगेच पुसली जाते. राखीव प्रत ठराविक वेळची असून ती वेगळ्या गावी, वेगळ्या ताब्यात व न बदलता येईल अशा स्वरूपात ठेवावी लागते. राखीव प्रत व तिच्यानंतरची पूर्वनोंदवही मिळून संग्रह चूक होण्यापूर्वीच्या कोणत्याही क्षणाला नेता येतो. राखीव प्रत घेतली जात आहे, एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे असते. प्रती नियमाने घेतल्या जात असल्याचे समजले जात होते, पण प्रत्यक्ष गरज पडली तेव्हा त्या रिकाम्या किंवा निकामी निघाल्या, असे प्रसंग संगणकविश्वात मोठ्या संस्थांवरही ओढवले आहेत. ठराविक काळाने राखीव प्रतीवरून संग्रह दुसऱ्या यंत्रावर उभा करून काही गावांचे सातबारा पडताळून पाहणे, हीच तिची खरी परीक्षा होय.

जिवंत प्रती मूळ संग्रहाच्या काही क्षण मागे असू शकतात. सर्वसाधारण माहितीसाठी त्यांवरून उतारा दाखविण्यास हरकत नसते. परंतु कर्ज देताना किंवा दस्त नोंदविताना मागे पडलेल्या प्रतीवर नुकताच चढलेला बोजा दिसला नाही, तर त्याच जमिनीवर दुसरे कर्ज दिले जाण्याचा संभव असतो. अशा कामांसाठी वाचनही मूळ संग्रहातूनच व्हावे लागते.

लिपी व मापे : भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारण्यात आली. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मजकूर पुष्कळदा विशिष्ट टंकाशी बांधलेल्या संकेतांत साठविला जाई. टंक बदलला की मजकूर वाचता येत नसे. युनिकोडमध्येही काही अक्षरे दोन प्रकारे लिहिता येतात. ‘कऱ्हाडे’ यासारख्या नावातील ऱ्ह हे जोडाक्षर दोन निराळ्या संकेतमालिकांनी सारखेच उमटू शकते. माणसाला ते एक नाव दिसते, पण यंत्राला दोन वेगळे खातेदार वाटतात. म्हणून साठविण्यापूर्वी मजकूर एकरूप करणे व देवनागरी वर्णक्रमानुसार लावणे, या गोष्टी प्रणालीस जमतात की नाही हे पाहिले पाहिजे. क्षेत्राचे आकडेही अपूर्णांकांच्या अंदाजी स्वरूपात न ठेवता अचूक दशमान स्वरूपात ठेवावे लागतात. एक एकर म्हणजे ४० गुंठे, सुमारे ४०.४७ आर, एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर करताना प्रत्येक पोटहिश्शात थोडी थोडी सूट धरली, तरी हिश्शांची बेरीज गटाच्या क्षेत्राशी जुळेनाशी होते.

महाराष्ट्रातील संगणकीकरण : भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र-पुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये निवडक जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. शेजारच्या कर्नाटकात ‘भूमि’ प्रकल्पान्वये २००० च्या सुमारास हस्तलिखित उतारे बंद करून तालुक्याच्या केंद्रांतून संगणकीय उतारे देण्यास प्रारंभ झाला. महाराष्ट्रात प्रथम तालुका पातळीवर माहिती भरण्यात आली. २००८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय भूमि-अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमान्वये पुढे ‘ई-फेरफार’ ही आज्ञावली राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेने विकसित केली. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदविला गेल्यावर त्याची माहिती महसूल विभागाकडे जाऊन फेरफाराची प्रक्रिया सुरू व्हावी, अशी तीत योजना आहे. नोंदणी व महसूल ही दोन भिन्न खाती व दोन भिन्न संग्रह असल्याने, एकाकडून निघालेला संदेश दुसरीकडे एकदाच व निश्चितपणे पोहोचणे महत्त्वाचे ठरते. तो हरवल्यास विक्री होऊनही जुनेच नाव राहते आणि दोनदा पोहोचल्यास एकाच दस्ताचे दोन फेरफार होतात. म्हणून प्रत्येक दस्ताच्या अनन्य क्रमांकावरून पुनरुक्ती ओळखावी लागते.

हस्तलिखित व संगणकीय सातबारा यांत आढळलेल्या तफावती दूर करण्यासाठी २०१७ मध्ये राज्यभर चावडीवाचनाची मोहीम घेण्यात आली. गावकऱ्यांसमोर सातबारे वाचून दाखवून त्यांच्या हरकती घेणे, ही पडताळणीची जुनीच रीत नव्या संग्रहास लावण्यात आली. १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा महाजालावर मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ या योजनेखाली शेतकरी आपल्या पिकाची नोंद भ्रमणध्वनीवरून स्वतः करू लागले. हंगामाच्या अखेरच्या दिवसांत अशा नोंदींची एकदम गर्दी होते. हा भार हक्काच्या नोंदींच्या कामापासून वेगळा ठेवला नाही, तर पिकांच्या नोंदींमुळे फेरफार खोळंबतात. गावपातळीवर या सर्व नोंदी तलाठी (२०२४ पासूनचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) सांभाळतो.

मर्यादा : संहितेच्या कलम १५७ अन्वये अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, ती मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये सुरू झालेल्या पद्धतीत मात्र शासकीय नोंदवहीतील नावच मालकी ठरविते. महाराष्ट्रातील पद्धत तशी नसल्यामुळे संगणकातील नोंद कितीही सुरक्षित असली, तरी ती मूळ दस्त, मोजणी व ताबा यांहून श्रेष्ठ ठरत नाही. माहितीसंचय प्रणाली दिलेली नोंद न गमावता, न मोडता जपू शकते. ती नोंद खरी आहे की नाही, हे तिला सांगता येत नाही. वारसाचे नाव वगळलेला फेरफारही ती तितक्याच निष्ठेने सांभाळते. प्रिंगल यांची मोजणी याच ठिकाणी फसली होती. म्हणून सूचना, हरकत, सुनावणी व चावडीवाचन या मानवी पडताळणीच्या पायऱ्या हा प्रणालीचाच भाग समजला पाहिजे. ज्याच्या जमिनीची नोंद आहे त्याला ती वाचता येणे, तिची प्रत त्याच्याजवळ असणे आणि झालेल्या बदलाचे कारण त्याला विचारता येणे, यांवरच अखेर भूमि-अभिलेखांची विश्वासार्हता अवलंबून असते.